ट्रकचा तापमानकाटा : इंजिन बदलल्यानंतरची जोडणी

इंजिनातील कूलंट किती तापले आहे हे चालकाला डॅशबोर्डवर दाखवणारे मापक. ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसवल्यावर हा काटा मेल्यासारखा पडून राहतो, नाहीतर थंड इंजिनावरही लाल पट्टीत जाऊन बसतो. दोष बहुधा काट्यात नसतो. काटा आणि इंजिनावरचा सेंडर (तापमान ओळखून काट्याला कळवणारा भाग) ही एक जोडी असते, आणि इंजिन बदलताना ती फुटलेली असते.

इंदूरला या कामाचे महत्त्व रस्त्यामुळे आहे. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा माल खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि धामनोदनंतर मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये हा चढ घेतो, तेव्हा इंजिनाची खरी स्थिती चालकाला सांगणारा काट्याखेरीज दुसरा कोणी नसतो. तो बंद ठेवून गाडी ‘चालतेय’ म्हणून मालकाच्या हवाली करणे ही बेफिकिरी आहे. हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे हे पुढचे खर्च तिच्यातूनच निघतात.

जुन्या पद्धतीचा सेंडर म्हणजे पितळी टोपीत बसवलेला रोधक. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, तारेतून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर सरकतो. मात्र किती अंशांना किती रोध, हे प्रत्येक उत्पादक वेगळे ठरवतो. व्हीडीओ या कंपनीच्या पद्धतीच्या एका प्रचलित सेंडरचा रोध 40 अंश सेल्सिअसला सुमारे 290 ओम, तर 120 अंशांना सुमारे 22 ओम असतो. वेगळ्या श्रेणीचा सेंडर त्याच काट्याला जोडला तर काटा हलेल, पण खोटे सांगेल, आणि हा प्रकार बंद काट्याहून घातक आहे. म्हणून पहिला उपाय साधा : जुन्या इंजिनावरचा सेंडर काढून नव्यावर लावणे. आटे जुळत नसतील तर खराद्याकडून पितळी बुश करून घ्यावे. बुश फार लांब झाले तर सेंडरचे टोक वाहत्या पाण्यापर्यंत पोचत नाही आणि काटा कमी दाखवतो. सेंडरची जागा थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडील बाजूला हवी. रेडिएटरच्या बाजूला लावला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्याला गरम पाणी भेटतच नाही.

एकतारी सेंडरचा परतीचा मार्ग इंजिनाच्या धातूतून जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली किंवा इंजिन-चॅसिसमधली अर्थिंगची पट्टी बसवायची राहिली, की हा मार्ग तुटतो. हेडलाइट लावताच काटा सरकत असेल तर आधी अर्थिंग पाहावे. तपासणी सोपी आहे. चावी चालू ठेवून सेंडरची तार काढली की बहुतेक मापकांत काटा थंडीकडे जातो. तीच तार क्षणभर इंजिनाला टेकवली की गरमीकडे झेपावतो. दोन्ही झाले तर काटा आणि वायरिंग ठीक, शोध सेंडरपाशी घ्यावा. डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचा असेल तर व्होल्टेजही जुळवावे लागते : मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची, अनेक हलक्या ट्रकची 12 ची.

इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा मामला निराळा. त्याचा दोनतारी सेन्सर ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी, असतो. जुना काटा त्याच तारेला जोडला की ईसीयूला चुकीचे तापमान कळते आणि इंधनाचे गणित बिघडते. काट्यासाठी दुसऱ्या छिद्रात स्वतंत्र सेंडरच बसवावा. उलट, कॅनवर, म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या संदेशजाळ्यावर, चालणाऱ्या डॅशबोर्डखाली जुने यांत्रिक इंजिन बसवले तर काटा संदेशाची वाट पाहत राहतो. ट्रकमधल्या जे1939 या संदेशप्रणालीत कूलंटचे तापमान 65262 क्रमांकाच्या संदेशात, 40 मिळवून पाठवतात. 130 हा आकडा म्हणजे 90 अंश. हा संदेश पाठवणारा परिवर्तक लागतो. एवढ्या खटाटोपापेक्षा केशनलिकेचा यांत्रिक काटा लावणे पुष्कळदा शहाणपणाचे. फक्त ती नलिका कापता किंवा मुडपता येत नाही.

काट्याची पडताळणी उकळत्या पाण्यात करता येते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने तेथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, शंभराला नाही. सेंडर पाण्यात धरून त्याची धातूची बाजू अर्थला जोडावी आणि काटा कुठे थांबतो तिथे खूण करावी. त्यानंतर कूलंट भरून हवा पूर्ण काढावी, कारण सेंडरभोवती हवेचा फुगा राहिला तर वाचन भरवशाचे नसते. होज फुटून पाणी सांडून गेले तर सेंडर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. त्यासाठी काट्याच्या जोडीला कूलंटची पातळी घटल्याचा इशारा देणारा स्विच बसवतात.