येरळेकाठचा हिस्सा

काठावर ज्याची जमीन, पाणीही त्याचेच, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. सांगली जिल्ह्यात येरळा नदीकाठच्या बलवडी व तांदुळवाडी या गावांनी तो मोडीत काढला.

1982 सालच्या गिरणी संपात मुंबई सोडून या भागात परतलेल्या कामगारांपुढे दुष्काळ उभा होता. ठेकेदार नदीतील वाळू उपसून नेत आणि काठच्या विहिरी आटत. डॉ. भारत पाटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने मागणी केली ती अगदी साधी: थोडी वाळू गावालाच विकू द्या, त्या पैशांतून आम्ही धरण बांधतो. सरकारशी बराच झगडा झाला, श्रमदान झाले आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

धरण तसे लहानच. वाटणी मात्र मोठी! पाण्याचा हिस्सा एकरांवर नव्हे, कुटुंबावर ठरला. भूमिहीनांनाही तो मिळावयाचा होता. उसासारख्या तहानलेल्या पिकास मज्जाव झाला. जमीनवाल्यांनी हे मान्य केले, याचेच आम्हांस अधिक अप्रूप वाटते.

त्याच दशकात, 1987 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे लिहिले. येरळाकाठी ते कोणी वाचले असेल, असे वाटत नाही. आपण वाचले; तरीही वसईत अनेक कुटुंबांच्या सामायिक मालकीची कितीतरी बावखले भराव टाकून बुजविली गेली. त्यांच्या मालकांत आपलीही माणसे होती.