थरांची बेरीज

रिचमंड पार्कवे हा रस्ता न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून नेमका कुठून न्यायचा, यावर १९६० च्या दशकात मोठा वाद पेटला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भूरचनाकार इयान मॅकहार्ग यांनी सुचवलेला तोडगा दिसायला साधा होता. जंगल, उतार, पाण्याचा निचरा, वस्ती, ऐतिहासिक ठिकाणं अशा एकेका बाबीचा वेगळा नकाशा पारदर्शक कागदावर काढायचा. जागा जितकी जपण्याजोगी, तितका रंग गडद. मग सगळे कागद एकावर एक ठेवायचे आणि सर्वांत फिकट पट्ट्यातून रस्ता न्यायचा. १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकामुळे ही रीत सर्वतोमुखी झाली.

तिच्यात एक मेख होती. काळपट डाग उताराचा की वस्तीचा, हे ढीग सांगत नसे.

हा हिशेब ठेवणारं यंत्र तोवर कॅनडात उभं राहत होतं. तिथले भूगोलतज्ज्ञ रॉजर टॉमलिन्सन यांच्याकडे केनियात झाडांच्या लागवडीसाठी जागा शोधायचं काम आलं होतं, पण हातानं नकाशांवर नकाशे चढवण्याचा खर्चच परवडेना. पुढे कॅनडा सरकारला देशातल्या जमिनीची प्रतवारी हवी होती. त्यासाठी टॉमलिन्सन यांनी आयबीएमच्या मदतीनं नकाशे संगणकात उतरवले. मातीचा आणि जंगलाचा नकाशा एकत्र केला की सीमारेषा एकमेकींना छेदून नवे तुकडे पडत, आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही नकाशांची माहिती चिकटलेली असे.

इथे एक निराळीच पीडा निघाली. नदीचा तोच काठ दोन नकाशांत केसभर इकडे-तिकडे काढलेला असतो. ते जुळवताना काठालगत चिंचोळ्या चकत्यांची रांग लागते, प्रत्यक्षात कुठेच नसलेल्या जमिनीची! हार्वर्डच्या ‘ओडिसी’ प्रणालीनं १९७० च्या दशकाअखेरीस ठरावीक अंतराच्या आतल्या रेषा एकच मानण्याची सोय केली. ते अंतर किती, हे मात्र माणसानंच सांगायचं.

डेना टॉमलिन यांनी १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला अंक द्यायचा आणि थरांवर चक्क बीजगणित चालवायचं.

सह्याद्रीत, म्हणजे पश्चिम घाटात, हेच गणित माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात वापरलं. सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांना स्थानिक वनस्पती, सस्तन प्राणी, जंगल, उंची, उतार अशा बाबींवर १ ते १० गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. उतार आणि स्थानिक वनस्पती यांना एकाच तागडीत घालणं हे संगणकाचं काम नव्हे. तो निर्णय समितीचा होता, आणि अहवालात तो उघड मांडलेला आहे. हाच त्याचा मोठा गुण. गाडगिळांनी संपूर्ण घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरून त्याचे तीन स्तर केले. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीनं घाटाची सीमा वेगळी आखली, चौकोनांऐवजी गाव हे एकक घेतलं आणि सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरवला. त्यात महाराष्ट्रातली दोन हजारांहून अधिक गावं आली.