आघातातले लोखंड : ४९ वर्षांचा शोध

लोखंडावर प्रचंड आघात झाला तर त्याच्या आतली अणूंची मांडणी कशी बदलते? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला १९५६ ते २००५ अशी ४९ वर्षे लागली. हा इतिहास सहसा थोडक्यात सांगितला जातो : आधी तर्क चुकला, मग क्ष-किरणांनी तो सुधारला. मला ही मांडणी अपुरी वाटते.

१९५६ मध्ये बॅन्क्रॉफ्ट, पीटरसन आणि मिन्शल या अमेरिकी संशोधकांनी स्फोटकांच्या साहाय्याने लोखंडात आघाततरंग सोडले आणि धातूची दुसरी बाजू किती वेगाने सरकते ते मोजले. एका तरंगाऐवजी एकामागून एक असे अनेक तरंग आले. त्यावरून, सुमारे १३ गिगापास्कल दाबाला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १ लाख ३० हजार पटीला, लोखंडाचे रूप पालटते असे त्यांनी ताडले. ते अचूक होते.

पण नवे रूप कोणते? नेहमीच्या लोखंडात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध अणू असतात. ९१२ अंश सेल्सिअसच्या वर ते अधिक दाट होते. मधला अणू जाऊन घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू येतात. आघातातही हेच दाट रूप येत असावे, असे धरले गेले. तरंगांचा वेग बदल झाल्याचे सांगतो. अणू कसे बसले ते सांगत नाही.

ते सांगते क्ष-किरणांचे विवर्तन. स्फटिकातील अणूंच्या थरांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांतच जोरकसपणे परततात आणि त्या कोनांवरून थरांमधले अंतर काढता येते. १९६२ मध्ये जेमिसन आणि लॉसन यांनी दाबाखालच्या लोखंडावर हे तंत्र वापरले. निघाले तिसरेच रूप : षटकोनी, दाट मांडणीचे.

कथा बहुधा इथेच संपवली जाते. पण जेमिसन-लॉसन यांचा दाब स्थिर होता. धातू यंत्रात सावकाश दाबलेला होता. आघातात अणूंना मायक्रोसेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. तेवढ्यात ते तशीच मांडणी करतात, हे १९६२ नंतरही अनुमानच होते.

अडचण वेळेची होती. इतक्या अल्पजीवी अवस्थेचे चित्र घ्यायला तितकाच क्षणिक आणि तरीही प्रखर क्ष-किरणांचा झोत हवा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे जॉन्सन, मिचेल आणि सहकाऱ्यांनी असा झोत वापरून आघाताखालच्या लिथियम फ्लुओराइडचे विवर्तन टिपले. आघाततरंग जात असतानाही स्फटिक सुव्यवस्थित राहू शकतो, हे त्यातून दिसले. लोखंडाची पाळी २००५ मध्ये आली. कॅलंटर आणि सहकाऱ्यांनी लेझरने एकसंध लोह-स्फटिकात आघाततरंग निर्माण केला आणि लेझरनेच उत्पन्न केलेल्या क्ष-किरणांनी त्याचे विवर्तन नोंदवले. नॅनोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांच्या, हिशेबात षटकोनी रूप प्रत्यक्ष दिसले.

१९६२ चे उत्तर खरे ठरले, म्हणून २००५ चा प्रयोग केवळ पुनरुक्ती ठरत नाही. संथ दाबाचा निष्कर्ष क्षणिक आघाताला लावणे ही एक उडी होती. ती बरोबर जागी पडली, पण पडल्याचे पाहायला आणखी ४३ वर्षे गेली. आघाताच्या अभ्यासाचा इतिहास लिहिताना ही वर्षे वगळली, तर अनुमान आणि पुरावा यांतला फरकच पुसला जातो.