अंधारात उभा राहणारा चोर : एका खेळमालिकेचा उदय आणि अस्त

१९९८च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेत संगणकावर खेळायचा एक खेळ बाजारात आला. नाव होते 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट'. थीफ म्हणजे अर्थातच चोर. त्या काळी संगणकावरचा खेळ म्हटला की हातात बंदूक आणि दिसेल त्याच्यावर गोळी, हेच चित्र डोळ्यांसमोर येई. 'डूम' आणि 'क्वेक' या खेळांनी ती वाट पाडून दिली होती. 'थीफ'ने नेमके उलटे केले. त्याचा नायक गॅरेट हा साधा, एकटा माणूस. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याची धडगत नाही. म्हणून कोणाच्या नजरेस न पडता आत शिरायचे, हवी ती वस्तू उचलायची आणि तसेच बाहेर पडायचे.

लपतछपत खेळायच्या अशा खेळांना 'स्टेल्थ' प्रकार म्हणतात. त्याचे बीज जुने आहे. जपानमध्ये १९८७ साली 'मेटल गिअर' आला होता आणि १९९८ सालीच 'टेंचू' व 'मेटल गिअर सॉलिड' हे खेळही आले. पण त्यांत आपले पात्र आपल्याला बाहेरून दिसते. 'थीफ'मध्ये आपण गॅरेटच्याच डोळ्यांनी पाहतो. मागून कोण येतो आहे ते दिसत नाही, ऐकावे लागते.

हा खेळ घडवला मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या 'लुकिंग ग्लास स्टुडिओज' या कंपनीने. 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' (१९९२) आणि 'सिस्टिम शॉक' (१९९४) हे जाणकारांनी वाखाणलेले खेळ तिच्या नावावर होते. 'थीफ'ची सुरुवात मात्र तलवारबाजीच्या खेळाने झाली. राजा आर्थरची कथा उलटी करून सांगणारा 'डार्क कॅमेलॉट' असा तो बेत होता. काम पुढे गेले तसे लक्षात आले, की तलवारीपेक्षा चोरपावलांचा भागच जास्त रंगतो आहे. मग बाकीचे बाजूला ठेवून त्यांनी चोरालाच नायक केले.

खेळाची सारी मदार दोन गोष्टींवर होती, उजेड आणि आवाज. पडद्याच्या खालच्या बाजूला एक रत्न असे. आपण उजेडात असलो की ते उजळे, अंधारात गेलो की काळवंडे. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि स्वतःपुरता अंधार तयार करायचा. पायाखालची जमीनही महत्त्वाची होती. गालिच्यावर पाऊल वाजत नसे, फरशीवर वाजे आणि लोखंडी जाळीवर तर खणखणे. अशा जागी शेवाळाचा बाण मारून आवाज मऊ करायचा. आवाज भिंतीतून आरपार न जाता दारांतून, वळणांवरून फिरत येई, त्यामुळे पहारेकरी किती दूर आहे ते कानाला कळे. पहारेकरीही निव्वळ पुतळे नव्हते. शंका आली तर आधी स्वतःशी पुटपुटत, मग शोध घेत, आणि खात्री पटली तरच धावून येत. पॉलिटेक्निकला असताना एका मित्राच्या संगणकावर मी हा खेळ खेळलो. तासन्‌तास कानाला हेडफोन लावून आम्ही पडद्यापेक्षा त्या पावलांकडेच लक्ष ठेवून असायचो.

सर्वांत कठीण पातळी निवडली तर आणखी एक अट असे : एकाही माणसाचा जीव घ्यायचा नाही. जितका खेळाडू तरबेज तितके त्याचे हात बांधलेले. व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारामारी, असे आपल्या घरांतून आजही म्हटले जाते. त्यांनी ही अट जरूर लक्षात घ्यावी.

'थीफ' हा लुकिंग ग्लासचा सर्वाधिक यशस्वी खेळ ठरला. दुसरा भाग, 'द मेटल एज', मार्च २००० मध्ये आला. आणि २४ मे २००० रोजी कंपनीला टाळे लागले. विमान उडवण्याचा त्यांचा एक खेळ बाजारात पडला होता, हातात पैसा उरला नव्हता. 'थीफ'चा प्रकाशक 'आयडॉस' स्वतःच अडचणीत होता. याच आयडॉसच्या पैशावर वर्षानुवर्षे रखडलेला 'डायकाटाना' हा गाजावाजा झालेला खेळ त्याच महिन्यात बाहेर आला आणि सपशेल आपटला.

मालिकेचे हक्क आयडॉसकडे राहिले. तिसरा भाग, 'डेडली शॅडोज', २००४ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या 'आयन स्टॉर्म'ने केला. लुकिंग ग्लासमधली काही मंडळी तिथे गेली होती. पण या वेळी खेळ संगणकाबरोबर टीव्हीला जोडायच्या 'एक्सबॉक्स'वरही चालायला हवा होता. त्याची मेमरी जेमतेम ६४ एमबी. त्यामुळे मोठमोठे वाडे तुकड्यांत विभागावे लागले, पोहणे गेले, छताला दोर लावणारा बाणही गेला. तरीही त्यातला 'शेलब्रिज क्रेडल' हा भाग, जिथे एका पडक्या इमारतीत आधी अनाथाश्रम आणि मग वेड्यांचे इस्पितळ होते, आजही भयप्रसंगांचा नमुना म्हणून सांगितला जातो. २००५ मध्ये आयन स्टॉर्मही बंद झाली.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, कॅनडातील 'आयडॉस माँट्रियल'ने नुसत्या 'थीफ' नावाने नवा खेळ काढला. चित्रे देखणी होती. पण गॅरेटला पहिल्यापासून आवाज देणारे स्टीफन रसेल बदलले गेले. दोराचा बाण परत आला, तोही ठरवून दिलेल्या जागीच लागणारा. उडी मारायची तर जिथे परवानगी असेल तिथेच. मौल्यवान वस्तू कुठे आहेत ते बटण दाबताच चमकून दिसे. पहिल्या दोन भागांत हाताने काढल्यासारखा अर्धवट नकाशा देऊन 'बघ आता तुझे तू' म्हटले जाई, इथे बोट धरून नेले जाई. समीक्षकांचे मत संमिश्र राहिले आणि पुढचा भाग निघाला नाही. २०२२ मध्ये हा स्टुडिओ 'एम्ब्रेसर' या स्वीडिश समूहाकडे गेला.

माझ्या मते या मालिकेच्या ऱ्हासाचे कारण याच फरकात आहे. लोकांना असे खेळ नको झाले म्हणावे, तर 'डिसऑनर्ड' (२०१२) हा त्याच परंपरेतला खेळ चांगला चालला. त्याच्या दुसऱ्या भागात स्टीफन रसेल यांचाच आवाज आहे. 'थीफ'चा ऱ्हास झाला तो खेळाडूच्या धीरावरचा आणि बुद्धीवरचा विश्वास सुटल्यामुळे.

वारसा मात्र टिकला, आणि तो टिकवला हौशी लोकांनी. लुकिंग ग्लासने वाडे बांधायचे आपले साधन, 'ड्रोमएड', खेळाडूंना खुले केले होते. त्यावर चाहत्यांनी शेकडो नव्या मोहिमा रचल्या आणि फुकट वाटल्या. 'द डार्क मॉड' हा त्याच धर्तीचा स्वतंत्र खेळ स्वयंसेवकांनी उभा केला. नव्या प्रोसेसरवर मूळ खेळ बंद पडू लागले, तेव्हा २०१२ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने ते दुरुस्त करून दिले. २०२३ मध्ये, मूळ खेळाला २५ वर्षे झाली तेव्हा, 'द ब्लॅक परेड' ही दहा मोहिमांची नवी कथा आली, तीही विनामूल्य.

हे मला विशेष वाटते त्याला माझी नोकरीही कारण आहे. आमच्या कार्यालयात शंभर वर्षांपूर्वीची नोंदवही आजही उघडून वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीतली नोंद मात्र वाचता येत नाही, कारण ती वाचणारे यंत्रच उरलेले नाही. संगणकावर केलेले काम कागदापेक्षा लवकर मरते. कोणीतरी दर काही वर्षांनी ते नव्या यंत्रावर चढवले तरच ते जगते, आणि हे काम मालकापेक्षा प्रेम करणारा माणूस करतो, हे 'थीफ'च्या चाहत्यांनी दाखवून दिले.

गणेशोत्सवातल्या जुन्या नाटकांच्या आणि गाण्यांच्या कॅसेट आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पडून असतील. त्या चालवणारी यंत्रे अजून मिळतात आणि आपल्या घरातल्या तरुणांना हे तंत्र येते. या वर्षी विसर्जनानंतरच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन निदान एक कॅसेट तरी संगणकावर उतरवून ठेवावी, एवढीच विनंती.