अस्तर

आमच्या वाकोल्यात माणसाला नावानं ओळखायची पद्धत नाही. पाईपलाईनजवळचे काका, चर्चमागचे बँकवाले, तिसऱ्या मजल्यावरचे खोकणारे, अशी सगळी ओळख. मी स्वतः गेली तीस-पस्तीस वर्षं 'छत्रीवाल्यांच्या समोरचे' आहे. ते छत्रीवाले दुकान विकून विरारला गेले त्यालाही आता वीस वर्षं होतील, पण माझा पत्ता अजून त्यांच्यावरच चालतो. पोस्टमन, गॅसवाला आणि सोयरीक घेऊन येणारी मंडळी छत्र्यांचं दुकान शोधत येतात आणि मोबाईल दुरुस्तीच्या टपरीपाशी घाम पुसत उभी राहतात.

अशा वस्तीत हिंदी सिनेमातल्या दुय्यम नटाला कुणी नावानं ओळखेल ही अपेक्षाच भाबडी. आमच्याकडे सिनेमात नावं तिघांनाच असतात. नायक, नायिका आणि खलनायक. बाकी सगळे 'तो रे, त्याच्यात डॉक्टर होता तो'. मग दुसरा विचारतो, "कशात?" पहिला म्हणतो, "अरे, सगळ्यातच!" आणि दोघांनाही माणूस बरोबर कळतो.

या खात्यातली आमच्या घरातली तज्ज्ञ म्हणजे माझी मावशी. तिनं दूरदर्शनवर रविवारचा सिनेमा मटार सोलत बघितला, पुढं केबल आली तेव्हा रोज गवार मोडत बघितला, आणि या सगळ्या काळात एकाही नटाचं नाव लक्षात ठेवलं नाही. ती नटांना नात्यानं ओळखायची. एक पातळ अंगाचा, पांढऱ्या केसांचा, भुवयांत सगळ्या जगाची काळजी साठवलेला म्हातारा पडद्यावर आला की ती सौ.ला हाक मारून सांगे, "अगं, गुड्डीचे वडील आले बघ!" जणू ते जिना चढून वर आले आहेत आणि आता चहा टाकायला हवा.

गुड्डीचे वडील म्हणजे अवतार किशन हंगल. ए. के. हंगल. 'गुड्डी' 1971 सालचा. त्यानंतर हे गृहस्थ 'बावर्ची'त आले, 'अभिमान'मध्ये पुन्हा जया भादुरीचे वडील झाले, 'चितचोर'मध्ये मास्तर झाले. सव्वादोनशेच्या आसपास चित्रपट. नुसत्या राजेश खन्नाबरोबरच पंधरा-सोळा. आणि एवढ्या सगळ्यांत एकदाही तरुण नाहीत! बाकीच्या नटांना म्हातारपण लपवण्याची चिंता असते. यांना पडद्यावर तरुणपण मिळालंच नाही. कारण साधं आहे. 'तीसरी कसम' आला 1966 साली, आणि त्यातल्या छोट्याशा भूमिकेनं सिनेमात पाऊल टाकलं तेव्हा हंगल पन्नाशीच्या आसपास होते. सरकारी नोकरीत असते तर त्या वयात माणूस प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब करायला लागतो.

आडनावाचा एक घोळ आमच्या मजल्यावर बरीच वर्षं चालला. आमचे शेजारी धारवाडकडचे. त्यांचं ठाम मत, हे गंगूबाई हनगलांच्या भाऊबंदांपैकी. "हानगल गावच आहे हो आमच्याकडे," ते मला नकाशा काढून दाखवत. गाव आहे हे खरं. पण हे हंगल जन्मानं सियालकोटचे, काश्मिरी पंडितांच्या घरातले आणि वाढले पेशावरात. मी हे सांगितलं, काश्मिरात हंगुल नावाचं बारशिंगं असतं हेही सांगितलं. शेजाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारशिंगं असेल. पण गंगूबाईंचे कुणीतरी लागत असणार." नात्याच्या बाबतीत मराठी आणि कानडी माणसाचं एकमत असतं. पुरावा लागतो तो नातं तोडायला, जोडायला नव्हे.

पण खरी गंमत पुढंच आहे. पेशावरात हा माणूस शिंपीकाम शिकला. घरात सरकारी नोकरीची परंपरा असताना यानं इंग्रजांची चाकरी नको म्हणून हातात कात्री आणि गळ्यात टेप घेतली. आपल्याकडच्या मध्यमवर्गात असा मुलगा निघाला असता तर मामाला तार गेली असती. शिंपीकाम करता करता नाटक, आणि दोन्ही करता करता स्वातंत्र्याची चळवळ. पुढं कराचीत कामगारांच्या चळवळीत पडले, कम्युनिस्ट झाले. फाळणीनंतर पाकिस्तानच्या तुरुंगात बसले, आणि सुटल्यावर 1949 साली मुंबईत आले. इथं बलराज साहनी, कैफी आझमी यांच्याबरोबर 'इप्टा'ची नाटकं केली.

तेव्हा पडद्यावर जो 'रामूकाका', 'मास्टरजी', 'बाबूजी' म्हणून आपल्याला गरीब गाय वाटायचा, त्यानं प्रत्यक्षात दोन देशांची सरकारं अंगावर घेतली होती. नायकमंडळी तिसऱ्या रिळात तुरुंगात जायची आणि चौथ्यात सुटायची. तुरुंगात खरोखर कोण बसून आलंय हे मागं चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघून कुणाला कळणार?

काही दिग्दर्शकांना मात्र हे पक्कं ठाऊक असावं. 'नमकहराम' (1973) बघा. त्यात हंगल कामगारांचे जुने पुढारी बिपिनलाल आहेत. राजेश खन्ना दोस्ताच्या कारखान्यात कामगार बनून येतो, युनियनमध्ये शिरतो आणि या बिपिनलालला मागं टाकून स्वतः पुढारी होतो. आयुष्याची उमेदीची वर्षं लाल बावट्याखाली घालवलेला माणूस पडद्यावर निवडणूक हरतो, तीही राजेश खन्नाकडून! आणि हरल्यावरचा चेहरा बघा. तो चेहरा मेकअपच्या खोलीत मिळत नाही. त्याच सुमाराला एम. एस. सथ्यूंनी 'गरम हवा' केला. त्यात बलराज साहनी फाळणीनंतर आग्र्यात राहिलेले सलीम मिर्झा, आणि हंगल कराची सोडून आलेले सिंधी व्यापारी अजमानीसाहेब. एक गाव सोडायला तयार नाही, दुसऱ्याचं गाव सुटलेलं. हंगलांना या भूमिकेसाठी कराचीबद्दल काही वाचावं लागलं नसणार.

आणि मग 1975 सालचा 'शोले'. आंधळे इमामसाहेब. सचिन त्यात त्यांचा मुलगा. आपला सचिन, त्यामुळे आमच्या मजल्यावर त्या मृत्यूचं सुतक जास्त. मुलाचं प्रेत घोड्यावरून गावात येतं, सगळे गप्प होतात आणि म्हातारा विचारतो की एवढी शांतता का आहे. हे वाक्य आता सगळ्या देशाचं झालंय. वीज गेली, परीक्षेचा निकाल लागला, पाहुण्यांसमोर नवरा-बायकोचं बिनसलं, की कुणीतरी ते म्हणतंच. वाकोल्यात मात्र ते म्हणायची वेळ फारशी येत नाही. पुलावरचे हॉर्न, डोक्यावरून जाणारं विमान आणि खालच्या गाळ्यातलं वेल्डिंग यांतून शांतता सापडली तर लोक पोलिसांना कळवतील.

पण त्या वाक्यापुढचा प्रसंग लोक विसरतात. गाव घाबरलेलं असतं. त्या दोघांना डाकूच्या हवाली करून मोकळं व्हावं असं सगळ्यांच्या मनात आलेलं असतं. तेव्हा ज्याचा मुलगा गेला तोच उभा राहतो, आणि गावासाठी द्यायला मला आणखी मुलगे का नव्हते असं देवाला विचारायला नमाजाला जातो. गाव गप्प बसतं, आणि गब्बरशी लढाई पुढं चालू राहते. हा म्हातारा नसता तर अमिताभ आणि धर्मेंद्र यांना मध्यंतरानंतर थोड्या वेळानं घरी जावं लागलं असतं.

'शोले'चं मूळ कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'त (1954) शोधतात. तिथंही गावाला लढायचा सल्ला देणारा एक म्हातारा आहे. पाणचक्कीत राहणारा, आणि पुढं ती चक्की सोडायला नकार देऊन तिथंच मरणारा. काम केलंय कोकुतेन कोदो या नटानं. याच गृहस्थांनी त्याच साली, त्याच तोहो कंपनीच्या 'गॉडझिला'तही बेटावरच्या लोकांना राक्षसाची जुनी गोष्ट सांगणारा म्हातारा केला. म्हणजे एकाच वर्षात त्यांनी एका गावाला डाकूंपासून सावध केलं आणि दुसऱ्याला राक्षसापासून! जपानातही कुणी मावशी असेल, आणि ती गॉडझिला बघताना सुनेला हाक मारत असेल, "अगं, चक्कीतले आजोबा आले बघ!"

हंगल मुळात शिंपी, म्हणून मला कोटाच्या अस्तराची आठवण येते. चांगलं अस्तर लावायला मास्तर लागतो. बाहेरून ते दिसत नाही, पण कोट खांद्यावर नीट बसतो तो त्याच्यामुळं, आणि लोक कापडाची तारीफ करतात. अस्तर दिसतं ते कोट उसवल्यावर.

मावशीच्या लेखी त्यांचं चारित्र्य मात्र एकदाच उसवलं. केबलवर बासू चटर्जींचा 'शौकीन' (1982) लागला. त्यात अशोककुमार, उत्पल दत्त आणि हंगल हे तीन म्हातारे एका तरुण मुलीच्या मागं गोव्यापर्यंत जातात. हंगलांच्या पात्राचं नाव इंदरसेन, पण ते स्वतःला अँडरसन म्हणवतात. मावशीनं अर्धा तास बघितलं, गवार बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, "अरे, हे असे होते? मुलाला जाऊन किती दिवस झाले?" मी म्हटलं, "मावशी, तो वेगळा सिनेमा." तिनं मान हलवली. पुढचे दोन महिने ते पडद्यावर आले की ती चॅनल बदलायची. अशोककुमारांना माफी होती. ते मोठ्या घरातले.

हे झालं घरगुती. 1993 साली खरंच उसवलं. जन्मगावी जाऊन यावं म्हणून त्यांनी पाकिस्तानच्या व्हिसासाठी अर्ज केला. त्यातून वकिलातीच्या पाकिस्तान दिनाच्या समारंभाचं निमंत्रण आलं, आणि ते गेले. मुंबई तेव्हा दंगली आणि बॉम्बस्फोट यांनी पोळलेली होती. बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, त्यांच्या चित्रपटांवर बहिष्काराची हाक दिली. पुतळे जळले. तयार चित्रपटांतून त्यांचे प्रसंग कापले गेले. कात्री धरून आयुष्य सुरू केलेल्या माणसावर अशी कात्री चालली. सुमारे दोन वर्षं काम नाही. गावासाठी मुलगा देणारे इमामसाहेब सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून गेले होते, पण त्यांच्या बाजूनं मोठ्यानं बोलायला रामगढमधून फारसं कुणी पुढं आलं नाही.

मग पुन्हा कामं मिळाली. 'लगान'मध्ये (2001) शंभूकाका, 'पहेली' (2005), आणि 2006 साली पद्मभूषण. राहायला सांताक्रूझलाच, म्हणजे आमच्या स्टेशनचे. एवढे चित्रपट करून 2011 साली पेपरांत आलं की त्यांच्या औषधपाण्याचीही ओढाताण आहे. त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी एका फॅशन शोमध्ये ते चाकाच्या खुर्चीतून आले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कपडे शिवणारा माणूस नव्वदीपलीकडे कपडे मिरवायला! तिथल्या कुठल्या शिंप्यानं काज कसं केलंय हे त्यांनी वाकून बघितलं असेल, असा माझा आपला अंदाज.

18 जुलै 2012 ला राजेश खन्ना गेले. पार्ल्याच्या स्मशानापर्यंत पावसात माणसांचा पूर लोटला होता. वाकोल्यातूनही पोरं गेली होती. पडद्यावर ज्यांनी त्यांच्या बापाची, काकांची, मास्तरांची कामं केली ते हंगल त्यानंतर एकोणचाळीस दिवसांनी, 26 ऑगस्टला गेले. घरात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. सांताक्रूझच्याच आशा पारेख रुग्णालयात होते. 'लव्ह इन टोकियो'वाल्या आशा पारेखच्या नावाचं ते. नेलं पार्ल्यालाच. या वेळी रस्ते अडले नाहीत.

बातमी सांगितली तेव्हा मावशी पलंगावर पडून होती. तिला ऐकू कमी यायला लागलं होतं. सौ.नं कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "मावशी, गुड्डीचे वडील गेले हो." मावशी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शेवटचं सगळं कुणी केलं गं? मुलगा तर आधीच गेलेला... घोड्यावरून आणलेला."