फियाट आणि घाटातली वाफ

आमच्या दादाची फियाट आता पुतण्याकडे आहे. परवा त्याचा फोन आला, "काका, गाडी सिग्नलला उकळते. इलेक्ट्रिक पंखा बसवू का? पण मग ती दादांची गाडी राहील का?"

मला १९७८ सालचा बोरघाट आठवला. द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ साली. तेव्हा सगळा भार जुन्या रस्त्यावर. ट्रकांमागे थांबत-थांबत चढताना गाडी उकळली आणि दादाने घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, पण झाकण निघताच उसळते. दादाच्या मनगटावरचा डाग शेवटपर्यंत राहिला.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही १०८९ सीसीची पद्मिनी मूळची इटलीच्या फियाट ११०० च्या घराण्यातली. तिचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला. इंजिन मंद, की पंखाही मंद; गाडी थांबली, की समोरचा वाराही बंद. म्हणजे गरज जास्त तेव्हाच वारा कमी!

पुतण्याला म्हटले, आधी रेडिएटर आतून साफ करून घे, पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट आणि झाकणाचे रबर तपास. तेवढ्याने भागले नाही तर पंखा खुशाल बसव. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आपली तरी चालती राहू दे.

आणि हो, गरम असताना झाकणाला हात लावू नकोस. दादाचे एवढे मात्र गिरवायचे नाही.