संपूर्ण आभासीकरण आणि कंटेनर : सर्व्हरवरील निवड

एका सर्व्हरवर अनेक स्वतंत्र यंत्रणा चालवण्याच्या या दोन पद्धती. संपूर्ण आभासीकरणात हायपरव्हायजर प्रत्येक यंत्रणेपुढे आख्खा संगणक उभा करतो आणि तिचे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) तिचे स्वतःचे असते. कंटेनर यजमान सर्व्हरचेच कर्नल वापरतात. निवडीचे बहुतेक मुद्दे याच फरकातून निघतात.

पूर्वपीठिका : आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही आभासी यंत्रांची प्रणाली जाहीर केली. एक्स८६ प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय २००५-०६ मध्ये आली आणि २००७ साली केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झाला. कंटेनरची परंपरा युनिक्समधील क्रूट (१९७९), फ्रीबीएसडीचे जेल (२०००), ओपनव्हीझेड, एलएक्ससी आणि डॉकर (२०१३) अशी आहे.

प्रॉक्समॉक्सचा दाखला : व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स व्हीई या व्यासपीठाने २००८ पासून केव्हीएम आणि ओपनव्हीझेड शेजारी शेजारी दिले. ओपनव्हीझेडला खास बदललेले कर्नल लागे, त्यामुळे सर्व्हर २.६.३२ या जुन्या कर्नलला जखडून राहत. २०१५ मध्ये चौथ्या आवृत्तीने ओपनव्हीझेड सोडून एलएक्ससी स्वीकारले. जुने कंटेनर बॅकअप घेऊन नव्याने उभे करावे लागले. केव्हीएमच्या यंत्रांवर ही वेळ आली नाही. कंटेनर निवडणे म्हणजे यजमानाचे कर्नलही निवडणे, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. याच व्यासपीठावर चालते केव्हीएम यंत्र न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते, एलएक्ससी कंटेनर मात्र बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

सुरक्षितता : कर्नलमधील एक छिद्र सर्व कंटेनरांना धोक्यात आणू शकते. २०१९ मध्ये रन-सी या साधनातील दोषामुळे कंटेनरमधून यजमानाचा ताबा घेणे शक्य झाले होते. कंटेनरमधील रूटला यजमानावर साधा वापरकर्ता मानणारी मांडणी हा धोका बराच कमी करते. अनोळखी ग्राहकांची कामे एकत्र ठेवताना मात्र आभासी यंत्रच घ्यावे. फायरक्रॅकर (२०१८) हा हलक्या आभासी यंत्राचा मध्यममार्ग आहे.

वेग व घनता : कंटेनरला वेगळे कर्नल सुरू करावे लागत नाही, तो काही क्षणांत उभा राहतो आणि मेमरी कमी घेतो.

विंडोज : लिनक्स यजमानावर विंडोज सर्व्हर चालवायचा असल्यास आभासी यंत्राला पर्याय नाही.

महाराष्ट्र : पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक (जागतिक क्रमवारीत ६३वा, नोव्हेंबर २०२०) एनव्हिडियाच्या डीजीएक्स सुपरपॉड आराखड्यावर आधारित आहे. अशा यंत्रांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कंटेनरमधून पुरवण्याचा प्रघात आहे.